तारागोनाचं पाणी

आमच्या घरात समुद्राचा विषय निघाला की जगदीश तो डोंगराकडे वळवायचा. हे माझ्या लक्षात यायला लग्नानंतर दहा वर्षं लागली, याची मला आता लाज वाटते.

वोल्फ्सबुर्गला आल्यापासून दर उन्हाळ्यात आम्ही डोंगरातच गेलो. आधी हार्त्स, मग बायर्न, मग दोनदा ऑस्ट्रिया. "समुद्रावर करायचं काय? वाळू आणि घाम," असं तो म्हणायचा आणि मला ते पटायचं. तो गाड्यांच्या कारखान्यात गिअरबॉक्सवर काम करणारा इंजिनिअर, मी ब्राउनश्वाइगच्या एका संस्थेत बटाट्याच्या रोगांवर संशोधन करणारी. वर्षभर दोघांची इतकी धावपळ की सुट्टी कुठे घालवायची यावरून वाद घालायला त्राण कुणाला असायचं?

२००७च्या उन्हाळ्यात मात्र दोन गोष्टी झाल्या. आमची शमिका तेव्हा आठ वर्षांची होती. तिला पोहण्याचा पहिला बिल्ला आदल्या वर्षीच मिळाला होता, आणि आता ती तलावाच्या खोल भागात बिनधास्त उडी मारायची. "वर्गात सगळ्यांनी समुद्र बघितलाय. फक्त मी नाही," असं तिनं एका संध्याकाळी जेवताना जाहीर केलं. अर्थात जर्मनमध्ये. मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर यायचं ते जर्मनमध्येच.

दुसरी गोष्ट म्हणजे अण्णा आले. अण्णा म्हणजे माझे सासरे, यशवंत. एस.टी.च्या डेपोत पस्तीस वर्षं मेकॅनिक होते. सासूबाईंना जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि तेव्हापासून त्यांनी बोलणं फार कमी केलं होतं. जगदीशनं खूप आग्रह करून त्यांना तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. पहाटे पाचला उठायचे, फिरून यायचे, बाल्कनीत बसायचे. विचारलं तर म्हणायचे, "छान आहे सगळं." पंधरा दिवसांनी त्यांना आमच्या इमारतीच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, ठेवलेल्या सायकली सापडल्या. मग काय! एकेक सायकल उलटी करून तिची चेन, ब्रेक दुरुस्त करणं, वाकडं चाक सरळ करून आउट काढणं सुरू झालं. शेजारच्या आजीबाई एक दिवस केक घेऊन आल्या. अण्णांनी तो घेतला, हात जोडून "जय भीम" म्हणाले, आणि त्या आजीबाईंनीही हसत "जय भीम" म्हटलं. त्यांना तो आभार मानायचा शब्द वाटला असावा.

माझ्या संस्थेत नूरिया नावाची स्पॅनिश मुलगी होती. तिचं गाव तारागोना. बार्सिलोनाच्या खाली, समुद्राला लागून असलेलं, दोन हजार वर्षांपूर्वीचं रोमन शहर. तिची मावशी उन्हाळ्यात घराचा वरचा मजला भाड्यानं द्यायची. मी जगदीशला न विचारता ऑगस्टमधले आठ दिवस ठरवून टाकले.

"विचारायचं तरी," तो म्हणाला.

"विचारलं असतं तर आपण परत ऑस्ट्रियाला गेलो असतो."

तो हसला, पण ते हसू ओठांच्या वर काही गेलं नाही. मला वाटलं, रजेचं टेन्शन असेल.

कोलोनहून स्वस्तातलं विमान मिळालं. बार्सिलोनाहून पुढे आगगाडी. ती गाडी इतकी समुद्राच्या काठानं जाते की खिडकीतून फक्त पाणीच दिसतं. शमिकानं काचेला नाक लावलं ते तारागोना येईपर्यंत काढलं नाही. अण्णा दर सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जाणारे, त्यामुळे समुद्र त्यांना नवा नव्हता. पण दादरचा तो करडा समुद्र आणि हा असा शाईसारखा निळा! "तळ दिसतोय गं," एवढंच ते म्हणाले. जगदीश पेपर वाचत होता. पेपर स्पॅनिशमध्ये होता.

मावशीबाईंचं नाव मोन्सेरात. सत्तरीची, जाडजूड, सतत बोलणारी बाई. आमच्यातल्या कुणालाच तिची भाषा येत नव्हती, याचं तिला काहीच वाटत नव्हतं. अण्णांशी तर ती जुन्या ओळखीच्या माणसासारखी बोलायची. अण्णा मान हलवायचे आणि मराठीत उत्तर द्यायचे. "हो, ऊन फार आहे," "हो, जिना चढवत नाही या वयात." कशाला उत्तर देत होते कोण जाणे, पण दोघांचं छान जमलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बीचवर गेलो. तिथली रचना मोठी मजेशीर आहे. वर टेकाडावर रोमन लोकांचं गोल, पायऱ्यापायऱ्यांचं प्रेक्षागृह, त्याच्या खाली रेल्वेचे रूळ, आणि रूळ ओलांडले की वाळू. अण्णा छत्रीखाली पायजमा-शर्टात बसले. जगदीशनं पोहण्याची चड्डी घातली होती, पण तोही छत्रीखालून हलेना. शमिका पाण्यातून हाका मारत होती. "पापा, कोम, ये ना! इथं तर माझेसुद्धा पाय टेकतात!"

मी आइस्क्रीमच्या रांगेत होते. तिथून मला दिसलं की जगदीश उठला. पाण्यात शिरला, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. शमिका त्याचा हात धरून ओढत होती. मग तिनं हात सोडला आणि पुढे पोहत गेली. जगदीशनं तिच्या मागोमाग दोन पावलं टाकली आणि दिसेनासा झाला.

वाळूखाली तिथं खड्डा असणार. डोकं वर आलं, परत गेलं. हात पाण्यावर आपटत होते. मी रांग सोडून पळत सुटले. पण वाळूत पळता येत नाही. स्वप्नात पळतो तसं झालं माझं. आणि पळता पळता मी बघितलं की अण्णा छत्रीखाली नव्हते. ते पाण्यात होते. आता दोघंही बुडणार.

पण अण्णा पोहत होते. आपण तलावात शिकतो तसं नव्हे. डोकं ताठ पाण्याबाहेर, एक हात लांब टाकून पाणी कापायचं, पाय धडाधड मारायचे. चार-पाच हातांत ते जगदीशपाशी पोचले, त्याच्या मागे गेले, काखेत हात घातला आणि त्याला ओढत कमरेएवढ्या पाण्यात आणून उभा केला. सगळं मिळून अर्धा मिनिटही झालं नसेल. लाल तरंगता ठोकळा घेऊन जीवरक्षक धावत आला, तेव्हा अण्णांनी त्याला हातानं खूण केली. झालं, झालं.

जगदीश वाळूवर बसून खोकत होता. नाकातोंडातून पाणी येत होतं. शमिका रडत त्याला बिलगली होती. त्याला श्वास घेता येऊ लागल्यावर तो पहिलं वाक्य बोलला ते हे :

"तुम्हाला पोहता येतं?"

अण्णा पायजमा पिळत होते. "कपडे बदल आधी. वारं आहे," ते म्हणाले.

नंतर आवराआवर करताना मला अण्णांचा चष्मा सापडला. नीट घडी घालून चपलेत ठेवलेला होता.

त्या संध्याकाळी अण्णा खाली मावशीबाईंच्या अंगणात जाऊन बसले. शमिका दमून झोपली. जगदीश माझ्या शेजारी उभा राहून कांदा चिरत होता, गरजेपेक्षा फार बारीक.

"मी अडतीस वर्षांचा आहे, कीर्ती," तो म्हणाला. "पोरीसमोर बुडत होतो."

"मला सांगितलं का नाहीस कधी?"

"काय सांगू? इंजिनिअरिंगला असताना सगळी पोरं तारकर्लीला गेली, तेव्हा मला ताप आला. इथं दर शनिवारी मी तलावाच्या बाकावर तुमच्या बॅगा सांभाळत बसतो, तू कधी विचारलंस का बसतो म्हणून?"

मी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, दमलेला असतो.

मग त्यानं मला एक गोष्ट सांगितली. नऊ वर्षांचा असताना, दिवाळीच्या सुट्टीत, वर्गातली मुलं पाठीला भोपळे बांधून पोहायला विहिरीवर निघाली होती. हाही निघाला. अण्णा डेपोतून घरी येत होते, त्यांनी बघितलं आणि भर रस्त्यात मित्रांसमोर त्याच्या कानाखाली वाजवली. "आयुष्यात एकदाच मारलंय त्यांनी मला. परत पाण्याकडे गेलास तर तंगडं मोडीन म्हणाले. मला इतकी वर्षं वाटत होतं, त्यांना पाण्याची भीती आहे. म्हणून मीही घाबरायला शिकलो. आणि आज बघतो तर काय, मासा!" त्यानं सुरी ठेवली. "मला राग येतोय. जीव वाचवलाय त्यांनी माझा, आणि मला रागच येतोय."

दुसऱ्या दिवशी शहरात उत्सव होता. सकाळपासून ढोल आणि सनईसारखी वाद्यं वाजत होती. मावशीबाईंनी आम्हाला हाताला धरून रस्त्यावर नेलं. नूरियानं मला आधी सांगितलं होतं : त्यांच्या एका संताच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी घोडागाड्यांतून गावात आणतात आणि लोकांना वाटतात. पिंपं लादलेल्या गाड्या आल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशीबाई रांगेत घुसल्या आणि एक भांडं भरून घेऊन आल्या. पहिला पेला त्यांनी अण्णांपुढे धरला.

अण्णांनी तो घेतला नाही. मला विचारलं, "देवाचं आहे का?"

"त्यांच्या संताचं. पण तसं साधं पाणीच आहे, अण्णा. झऱ्याचं."

"सगळ्यांना देतात?"

"सगळ्यांना. मागेल त्याला."

ते थोडा वेळ त्या रांगेकडे बघत राहिले. म्हातारे होते, पोरं होती, एक काळा आफ्रिकन माणूस होता, दोन जपानी बायका होत्या. मग त्यांनी पेला घेतला, सगळा प्यायला, आणि मावशीबाईंना रिकामा परत दिला. "गोड आहे," त्यांना म्हणाले. मावशीबाईंना समजलं असावं. त्यांनी अण्णांच्या पाठीवर थाप मारली.

दुपारी आम्ही ते रोमन प्रेक्षागृह बघायला गेलो. दगडी पायऱ्यांवर बसलं की समोर मोकळं मैदान आणि त्यापलीकडे सरळ समुद्र. जगदीश कालपासून अण्णांशी एक शब्द बोलला नव्हता. आता निदान फलक वाचून दाखवत होता. इथं माणसं जनावरांशी लढायची, इथं बसून लोक बघायचे. मानाची माणसं पुढे, बाकीचे मागे.

"आणि गुलाम?" अण्णांनी विचारलं.

"ते एकतर सगळ्यात वर, नाहीतर खाली मैदानात."

"म्हणजे इथंही होतं." अण्णा खाली बसले. पायरी तापलेली होती, तरी बसले. मग जगदीशला म्हणाले, "बस. काल विचारत होतास ना."

आम्ही सगळेच बसलो.

"मी अकरा वर्षांचा असेन," अण्णा म्हणाले. "तुझा मधूकाका नऊचा. मे महिना होता. आमची वस्ती गावाबाहेर, तुला ठाऊक आहे. गावातली पोरं दुपारी विहिरीत डुंबायची, आम्ही लांबून आवाज ऐकायचो. एक दिवस विहिरीवर कुणी नव्हतं. आम्ही दोघं पायऱ्यांनी उतरलो. पोहता कुठं येत होतं! पायरी धरून नुसते बसलो गळ्याएवढ्या पाण्यात. तेवढ्यात वर माणसं आली."

खालून एक आगगाडी गेली.

"आम्हाला मारलं नाही. बाबांना बोलावलं, म्हणजे तुझ्या आज्याला. पोरांनी विहीर बाटवली, आता ती उपसून काढ म्हणाले. एकट्यानं. बादली आणि दोर दिला. दुपारी बारापासून दिवस मावळेपर्यंत माझा बाप पाणी काढून शेतात ओतत होता. आम्हा दोघांना काठावर बसवून ठेवलं होतं, बघायला. संध्याकाळी त्याच्या तळहाताला कातडं नव्हतं."

शमिकानं माझा दंड धरला आणि जर्मनमध्ये विचारलं. मी अण्णांना सांगितलं, "ती विचारतेय, पाणी खरंच घाण झालं होतं का?"

"नाही, बाळा," अण्णा म्हणाले. "पाणी चांगलं होतं. गार होतं."

"मग?" जगदीशनं विचारलं.

"मग काय. बाप आठ दिवस काही बोलला नाही. हात बरे झाल्यावर एका पहाटे आम्हाला उठवलं. तीन कोसांवर दगडाची जुनी खाण होती, तिच्यात पावसाचं पाणी साचलेलं असायचं. रॉकेलचा रिकामा डबा घेतला, आमच्या पाठीला बांधला आणि एकेकाला ढकललं पाण्यात. दोन महिने, दर रविवारी. पुऱ्या वस्तीत पोहता येणारे आम्ही दोघं भाऊच."

"मग मला का नाही शिकवलंत?"

हा प्रश्न जगदीशनं हळू विचारला, पण वरच्या पायरीवरचं एक जोडपं वळून बघायला लागलं. अण्णा हाताचा पंजा दगडावर घासत राहिले.

"तुझा आजा धीराचा होता. मी नव्हतो," ते म्हणाले. "ते नामांतराच्या दंगलीचं वर्ष होतं. डेपोत रोज कुणीतरी ड्रायव्हर येऊन सांगायचा, अमक्या गावात वस्ती जाळली, तमक्या गावात माणूस मारला. आणि तू चाललेला, कुणाच्यातरी विहिरीवर, उड्या मारत. मला विहीर दिसलीच नाही. विहीर उपसणारा माझा बाप दिसला. माझा हात कधी उठला ते मलाही कळलं नाही."

"आणि नंतर? नंतर तरी?"

"नंतर राहून गेलं," अण्णा म्हणाले. "रोज वाटायचं सांगावं. तुझी आई पण म्हणायची. राहून गेलं, जगदीश. चूक झाली माझी."

माझ्या लग्नानंतरच्या दहा वर्षांत अण्णांना इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. जगदीश उठला आणि पायऱ्या उतरून निघून गेला. मी त्याच्या मागे जायला निघाले, तर अण्णांनी मला खूण करून बसवलं. "जाऊ दे. येईल."

तो तीन तासांनी घरी आला. चेहरा उन्हानं लाल झालेला, बूट वाळूनं भरलेले. अण्णा अंगणात मावशीबाईंना शेंगा सोलू लागत होते. जगदीश त्यांच्यासमोर उभा राहिला.

"उद्या सकाळी किती वाजता?"

अण्णांनी वर बघितलं. हातातली शेंग तशीच राहिली. "उजाडलं की," ते म्हणाले. "पोट रिकामं ठेव."

सकाळी मी उठले तर स्वयंपाकघरात अण्णा पिण्याच्या पाण्याचा आठ लिटरचा रिकामा प्लास्टिकचा कॅन बादलीत दाबून बुडबुडे येतात का बघत होते. माझी सुती ओढणी त्यांनी खांद्यावर टाकली होती.

"अण्णा, हे काय?"

"डबा."

"इथं हवा भरायचे पट्टे मिळतात की. मुलांचे, मोठ्यांचेही."

"हवेवर माझा भरवसा नाही," एवढं बोलून त्यांनी झाकण आणखी घट्ट पिळलं.

बीचवर त्या वेळी फक्त म्हातारी माणसं असतात. रोज सकाळी येणारी, एकमेकांना ओळखणारी, सुरकुतलेली, तांबूस. माझा इंजिनिअर नवरा पाठीला ओढणीनं कॅन बांधून पाण्यात शिरला, तेव्हा त्यांची बोलणी थांबली. मग कुणीतरी हसलं. जगदीश कानापर्यंत लाल झाला. मला वाटलं, आता हा परत फिरणार.

"तिकडं बघू नको," अण्णा म्हणाले. "माझ्याकडं बघ. आडवा हो. मी धरलंय."

जगदीश आडवा झाला आणि लगेच घाबरून अण्णांच्या मानेला लटकला. परत आडवा झाला. परत लटकला. पंधरावीस वेळा तरी हेच. अण्णा एकदाही ओरडले नाहीत. डेपोत नव्या पोराला स्पॅनर धरायला शिकवावं तसं एकच वाक्य त्याच सुरात पुन्हा पुन्हा म्हणत होते, "पोट वर. मान सोड. मी धरलंय." शेवटी त्या म्हाताऱ्यांपैकी एक जण पोहत जवळ आला, जगदीशच्या शेजारी पाठीवर पडून तरंगून दाखवायला लागला, आणि बोटानं आभाळ दाखवून काहीतरी म्हणाला.

"वर बघ म्हणतोय," अण्णांनी भाषांतर केलं.

जगदीशनं वर बघितलं. अण्णांनी एक हात काढून घेतला. मग दुसरा. मी काठावर शमिकाचं तोंड दाबून धरलं होतं, नाहीतर ती किंचाळली असती. माझा नवरा पाण्यावर पडला होता, ओढणी आजूबाजूला पसरली होती, आणि तो बुडत नव्हता.

नंतर काठावर आल्यावर तो जे रडला, ते मी तोवर कधी बघितलं नव्हतं. अण्णांनी त्याचं डोकं टॉवेलनं पुसलं, लहान पोराचं पुसतात तसं खसाखसा. तो म्हातारा लांबून हात उंचावून गेला.

उरलेले दिवस आमचे असेच गेले. बघायचं बरंच राहिलं. जुनी तटबंदी, चर्च, पाणी आणायचा रोमन पूल, काहीच धड झालं नाही. मला त्याचं वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही. सकाळ-संध्याकाळ बाप-लेक पाण्यात. तिसऱ्या दिवशी अण्णांनी कॅनमध्ये थोडं पाणी भरलं, म्हणजे आधार कमी होईल. शमिका शिक्षिका झाली. "पापा, पाय बेडकासारखे!" असं ती जर्मनमध्ये ओरडायची आणि अण्णा मराठीत म्हणायचे, "नाही, कातरीसारखे!" मग आजोबा आणि नातीचं भांडण जुंपायचं. आणि एकदा त्या भांडणात ती तावातावानं चक्क मराठीत म्हणाली, "आजोबा, तुमचं चूक आहे!" आम्ही सगळे तिच्याकडे बघतच राहिलो. तिलाही कळलं आणि ती लाजून पाण्याखाली गेली.

निघायच्या दिवशी जगदीश कॅनशिवाय बारा हात पोहला. मी मोजले. बाराव्यानंतर खोकत उभा राहिला.

मावशीबाईंनी अण्णांना बाटलीत पाणी भरून दिलं, प्रवासासाठी. विमानतळावर ते आत नेऊ देईनात. अण्णांनी तिथंच अर्धं पिऊन टाकलं आणि उरलेलं जगदीशला दिलं.

वोल्फ्सबुर्गला आल्यावर मला धास्ती होती की सुट्टीतलं सुट्टीतच राहील. ऑफिस, शाळा, वेळ नाही, असं होतंच आपलं. पण पुढच्या शनिवारी जगदीश आमच्या आधी पिशवी भरून दारात उभा होता. हालेनबाडमध्ये, म्हणजे बंदिस्त तलावात, तो थोडा थोडा पुढे सरकायला लागला. आधी काठ धरून, मग काठापासून हातभर अंतरावर. तिथल्या शिक्षिकेनं त्याला मोठ्यांच्या नवशिक्या वर्गात यायला सांगितलं. त्याच्या वर्गात बाकी सगळ्या साठीच्या पुढच्या बायका होत्या. "गेनाऊ, अगदी माझ्या लेव्हलच्या आहेत," तो घरी येऊन म्हणाला. असं हसून तो पाण्याबद्दल बोलेल हे मला दोन महिन्यांपूर्वी खरं वाटलं नसतं.

अण्णा बोलायला लागले होते. मधूकाकांना त्यांनी फोन केला आणि पाऊण तास बोलले. आतल्या खोलीतून त्यांचं हसणं ऐकू येत होतं. माझ्याशी सासूबाईंबद्दल बोलले, पहिल्यांदाच. खाणीतल्या पाण्याबद्दल, बापाबद्दल, शमिकाला किती सांगू नि किती नको असं व्हायचं त्यांना. ती ऐकायची आणि मध्येच मराठी शब्द विचारायची. "दोर" म्हणजे काय? "उपसणं" म्हणजे काय?

सप्टेंबरच्या मध्यावर त्यांचं परतीचं विमान होतं. त्याच्या दोन दिवस आधी, रविवारी, आम्ही गावातल्या आलरझेवर गेलो. ते मोठं तळं आहे, त्याला वाळूचा काठ आहे. ऊन होतं, पण वाऱ्यात गारवा आला होता, आणि पाण्यात आमच्याशिवाय फक्त बदकं होती. काठापासून तीसेक मीटरवर एक पिवळा बोया तरंगत होता.

"जायचं का?" अण्णांनी विचारलं.

जगदीशनं बोयाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

दोघं एकदमच निघाले. अण्णा डोकं वर ठेवून, हात लांब टाकत. जगदीश वर्गात शिकवतात तसा, बेडकासारखा, तोंड पाण्यात, तोंड बाहेर. निम्म्या वाटेवर तो थांबला. शमिका माझ्या कुशीत ताठ झाली. अण्णा वळले, त्याच्यापासून हातभर लांब राहिले, पण त्याला धरलं नाही. जगदीश पाठीवर पडला, दोनचार श्वास घेतले, पालथा झाला आणि परत निघाला. बोयाला त्यानं हात लावला तेव्हा अण्णा आधीच तिथं पोचून बोया धरून तरंगत होते. काहीतरी बोलत होते दोघं. आम्हाला ऐकू आलं नाही.

परत आले तेव्हा दोघांचे ओठ निळे पडले होते आणि दात वाजत होते. मी थर्मासमधला चहा ओतला. अण्णांनी दोन्ही हातांनी कप धरला, एक घोट घेतला आणि शमिकाला म्हणाले, "तुमच्या पाण्याला थंडी फार. पुढच्या वर्षी लवकर येईन. जुलैमध्ये."

"जुलैमध्ये," शमिका म्हणाली, आणि टॉवेल घेऊन त्यांची पाठ पुसायला लागली.